चौथी ड्यूटी

परत आलेल्या बाळाचे तळपाय पाण्यातून काढलेल्या चमच्यासारखे गार होते. सोमवारी घरी पाठवलेला मुलगा शुक्रवारी परत आला. जाताना वजन एक किलो सातशे वीस ग्रॅम होतं, येताना एक किलो पाचशे ऐंशी. तो रडत नव्हता, आणि घरच्यांना तेच कौतुकाचं वाटलं होतं. किती गुणी बाळ, दूध मागतसुद्धा नाही, असं शेजारीपाजारी म्हणत होते.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला सगळं गाव 'काच' म्हणायचं. बाळ काचेत आहे, काचेतून बाहेर आलं, असं. मुलाला पुन्हा काचेत ठेवलं. अठरा दिवसांनी तो दुसऱ्यांदा घरी गेला आणि नीट वाढू लागला. पण त्या अठरा दिवसांत काचेच्या इनचार्ज सिस्टरने, कोणी सांगितलं नसताना, एका निरोपाचा माग काढला.

निरोप साधा होता. दर दोन तासांनी पाजायचं, झोपलेलं असलं तरी उठवून. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला भूक लागली तरी रडायची ताकद नसते. ते झोपतं, कमी पितं, म्हणून आणखी झोपतं. डॉक्टरांनी हे राउंडला सांगितलं होतं. सकाळच्या सिस्टरने वहीत 'दूध दर दोन तासांनी' एवढंच लिहिलं. उठवून पाजणं तिला इतकं अंगवळणी पडलं होतं की लिहायचं सुचलं नाही. दुपारच्या सिस्टरला टेबलाशी ड्यूटी सोपवताना त्याचं 'दूध चालू, बाकी नेहमीचं' झालं. दुपारच्या सिस्टरने दारात फाइल, औषध, टोपी आणि बाळ वडिलांच्या हाती देताना एका दमात सात सूचना दिल्या. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. घरी बायकोने विचारलं, काय म्हणाले? वडील म्हणाले, सगळं ठीक आहे म्हणाले.

इनचार्जने हे सगळं एका कागदावर उतरवलं. चार तोंडं, एक निरोप, आणि प्रत्येक तोंडाशी त्याचा एक तुकडा गळालेला. त्या दिवशी दुपारची सिस्टर रजेवर होती आणि तिच्या जागी इनचार्ज स्वतः उभी होती. तिसऱ्या तोंडापुढे तिने आपलं नाव लिहिलं आणि कागद डॉक्टरांपुढे ठेवला.

विभागप्रमुख डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि उपाय विचारला.

इनचार्जचं म्हणणं असं होतं. काचेत तीन ड्यूट्या असतात, सकाळ, दुपार, रात्र. एक ड्यूटी संपते तेव्हा सिस्टर पुढच्या सिस्टरला बाळ सोपवते. घर ही चौथी ड्यूटी आहे. ती ज्या बाईला करायची आहे तिला आपण शेवटच्या पाच मिनिटांत, दारात उभं करून सगळं सोपवतो. कुठल्याही नव्या सिस्टरला असं रुजू करून घेत नाहीत. तेव्हा घरी जाण्याच्या आठ दिवस आधीपासून ड्यूटी बदलताना टेबलाशी नव्हे, पाळण्याशी उभं राहायचं. आणि रिपोर्ट आईने द्यायचा.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "पुढचं जे बाळ घरी जाईल त्याच्यावर करून बघा. चौदा दिवसांत ते परत भरती झालं, तर हा विषय बंद."

काचेतल्या सर्वांत जुन्या सिस्टरना सगळे थोरल्या सिस्टर म्हणत. इनचार्जहून त्या सात वर्षांनी मोठ्या होत्या आणि सव्वीस वर्षं याच खोलीत होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि सलाइनची नळी गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाल्या, "आज आयांकडून रिपोर्ट घ्या. उद्या लिफ्टमनकडून घेऊ. तोही रोज वर-खाली बघतच असतो."

पुढचं बाळ चिमटी होती.

हे नाव थोरल्या सिस्टरनीच ठेवलं होतं. आठ आठवडे आधी आलेली, एक किलो दोनशे चाळीस ग्रॅमची मुलगी, चिमटीत मावेल अशी. पाच आठवडे ती काचेत होती. तिची आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग करायची. एकावर एक ठेवलेले चाळीस थर एकाच वेळी कापायचे, सूतभर इकडेतिकडे झालं तर चाळीस सदरे वाया. अशा कामात बारा वर्षं काढलेली बाई पांढऱ्या कोटापुढे मात्र गप्प व्हायची. रोज सकाळी दार उघडलं की विचारायची, "सिस्टर, तुमच्या चिमटीने दूध घेतलं का?"

तुमच्या चिमटीने. सिस्टर मंडळींना त्याचं हसू यायचं. इनचार्जला यायचं नाही. पाच आठवडे त्यांनीच पाजलं होतं, त्यांनीच पुसलं होतं, त्यांनीच वजन केलं होतं. आईने काचेला नाक लावून बघितलं होतं, आणि शेवटच्या आठवड्यात छातीशी धरलं होतं तेही 'आता द्या' म्हटलं की परत द्यायच्या बोलीवर.

पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता तिला पाळण्याशी उभं केलं. जाणारी सिस्टर एका बाजूला, येणाऱ्या थोरल्या सिस्टर दुसऱ्या बाजूला. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "ठीक आहे."

थोरल्या सिस्टरनी इनचार्जकडे असं बघितलं की बोलायची गरजच उरली नाही.

त्या संध्याकाळी इनचार्जने नियम केला. रिपोर्टमध्ये 'ठीक', 'छान', 'नेहमीचं' हे शब्द चालणार नाहीत, आईलाही नाही आणि सिस्टरनाही नाही. फक्त पाच गोष्टी सांगायच्या: किती प्यायली, अंग कसं लागतं, रंग कसा, श्वास कसा, शी-शू किती. हाताला लागलं ते, डोळ्यांना दिसलं ते. मत नको.

सिस्टरना हे आईपेक्षा जड गेलं. रात्रपाळीची एक सिस्टर तर 'नेहमीचं' म्हणून जीभ चावायची आणि पुन्हा तेच म्हणायची.

आईचं दुसऱ्याच दिवशी जुळलं. इनचार्जने तिला कारखान्यात कापड तपासताना काय करता ते विचारलं होतं. ती म्हणाली, हात फिरवते, डोळे नंतर. इनचार्ज म्हणाली, मग इथेही तेच करा. आधी पोटाला हात, मग तळपायाला. दोन्ही गरम तर बाळ सुखात. पोट गरम आणि पाय गार, तर ते थंडीशी झगडतंय, लगेच छातीशी घ्यायचं. दोन्ही गार, तर उशीर झालाय, धावत यायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला आईने रिपोर्ट दिला. "सहाचं दूध चोवीस मिली, वीस मिनिटं लागली. मध्ये एकदा थांबली, पाठ चोळली तर परत सुरू झाली. पोट गरम, पाय गरम, पण उजवा डाव्यापेक्षा जरा कमी, कारण मोजा निघाला होता. रंग गुलाबी. श्वास मोजला, मिनिटाला अठ्ठेचाळीस. शू तीनदा, शी एकदा." थोडं थांबून तिने पुढे सांगितलं, "माझी चिमटी डाव्या कुशीवर जास्त पिते."

डाव्या कुशीचं कोणालाच माहीत नव्हतं. थोरल्या सिस्टरनी ते वहीत लिहिलं.

हे चाललं होतं तेव्हा काचेबाहेरच्या बाकावर चिमटीची आजी बसलेली असायची. नियम जुना होता, आत फक्त आई. सासूबाई रोज अकराला डबा घेऊन यायच्या आणि पाचला जायच्या. दार उघडलं की त्या उठायच्या आणि विचारायच्या. किती वाजता पाजलं? कोणी पाजलं? आधीच्या वेळेपेक्षा कमी का? थोरल्या सिस्टरनी त्यांचं नाव 'चौकशीची खिडकी' ठेवलं होतं, आणि इनचार्जने मनातल्या मनात त्यांना त्रासदायक नातेवाइकांच्या यादीत कधीच टाकलं होतं.

घरी जायच्या आदल्या दिवशी इनचार्ज तक्ता घेऊन बाहेर आली. तिने तो स्वतः आखला होता. दिवसाचे बारा रकाने, दर दोन तासांनी एक, दूध रोज एक मिली वाढवायचं, चोवीसपासून पस्तीसपर्यंत. पुढे पाच गोष्टी, शेवटी सही. आजींना दाखवावा म्हणून दाखवला. आजींनी चष्मा नाकावर घेतला आणि तक्ता डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली वाचला.

"सही एकाच माणसाची आहे," त्या म्हणाल्या.

इनचार्जने होकार दिला. आईचीच.

"बाराच्या बारा?"

"हो."

"सिस्टर, मी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर होते. आठ तासांच्या वर आम्हाला खुर्चीत बसू द्यायचे नाहीत. थकलेली बाई कोणाचा फोन कोणाला जोडेल सांगता येत नाही." आजींनी तक्ता परत केला. "तुमच्याकडे चोवीस तासांची ड्यूटी कोण करतं?"

कोणी करत नव्हतं. इनचार्जने स्वतःच्या सिस्टरांपैकी एकीलाही कधी सलग दुसरी ड्यूटी आनंदाने लावली नव्हती. आणि जिचं पोट शिवून जेमतेम सहा आठवडे झाले होते, त्या बाईला तिने चौदा दिवसांची सलग ड्यूटी लावून दिली होती. तक्त्यात सगळं होतं, ड्यूटी बदलणं तेवढं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला तीच.

ती तशीच डॉक्टरांकडे गेली, माझं चुकलंय म्हणाली आणि आणखी दोन दिवस मागितले. डॉक्टरांनी आठवण करून दिली की तीन बाळं त्या पाळण्याची वाट बघतायत. मग विचारलं, दोन दिवसांत काय करणार? इनचार्ज म्हणाली, घरच्या स्टाफला रुजू करून घेणार.

नियम मोडून आजींना आणि चिमटीच्या बाबांना आत घेतलं. बाबा बसडेपोत मेकॅनिक होते. त्यांची नखं ग्रीसने काळी होती आणि थोरल्या सिस्टरनी त्यांना नळापाशी बारा मिनिटं उभं केलं. "इंजिन नाहीये ते," त्या म्हणाल्या. "आणखी घासा." बाबांनी इतकं घासलं की हात शिजवल्यासारखे लाल झाले. मग त्यांनी मुलीला छातीवर घेतलं, आणि उंच, आडदांड माणूस दीड तास खुर्चीत हलला नाही. श्वास घेताय ना, असं थोरल्या सिस्टरना विचारावं लागलं.

खरी अडचण वेगळीच निघाली. घरात सासू सांगायची आणि सून ऐकायची. तेही बरेचदा मुलामार्फत, म्हणजे 'तिला म्हणावं गॅस बारीक कर', आणि ती तीन हातांवर उभी. इथे सुनेने सांगायचं होतं आणि सासूने लिहून घ्यायचं होतं. सूनबाई पहिल्यांदा इतक्या हळू बोलली की काचेतली यंत्रंच जास्त ऐकू आली.

"मोठ्याने बोल गं," आजी म्हणाल्या. "बोर्डावर अशी बोलली असतीस तर पहिल्या दिवशी घरी पाठवली असती."

"पोट गरम, पाय गरम," सूनबाई म्हणाली, मोठ्याने.

आजींनी ते लिहिलं आणि मग, एक्स्चेंजच्या सवयीने, ऐकलेलं सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. इनचार्जने तिथल्या तिथे नियमात भर घातली. ज्याने ड्यूटी घ्यायची त्याने रिपोर्ट परत म्हणून दाखवायचा. काचेतल्या सिस्टरनाही तो लागू झाला, आणि त्यामुळे एका पाळण्याच्या औषधाची वेळ चुकता चुकता वाचली, ते वेगळं.

जाताना आजी इनचार्जला म्हणाल्या की सहा वर्षांत सूनबाई त्यांच्याशी एवढं सलग पहिल्यांदाच बोलली. ही तक्रार होती की काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

चिमटी एक किलो सातशे ऐंशी ग्रॅमची होऊन घरी गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एका खोलीत शिलाई मशीन, कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवलेला. सहीसाठी आता तीन नावं होती. पहाटेची दोन दुधं बाबांची, डेपोला निघायच्या आधी. दुपारी बारा ते चार आजींची, तेव्हा आईने झोपायचं आणि आजींनी उठवल्याशिवाय उठायचं नाही. आईचं काढून ठेवलेलं दूध वाटीत, वाटी झाकलेली.

तिसऱ्या दिवशी तपासणीला आणली तेव्हा वजन फक्त दहा ग्रॅमने वाढलं होतं. काट्यावरचा आकडा बघून डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. कमीत कमी साठ हवे होते. पहिले दोन-तीन दिवस असं होतं, असं ते म्हणाले, पण इनचार्जकडे न बघता म्हणाले. इनचार्ज वर काचेत गेली. अकरा दिवस बाकी होते.

पाचव्या दिवशी दुपारी शेजारणी आल्या.

आजींनी त्यांना बोलावलं नव्हतं, पण दार उघडं होतं आणि बाळ बघायला येणाऱ्याला परत कसं पाठवायचं, हे बत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं. चार-पाच जणी होत्या. खोलीत उकडायला लागलं म्हणून एकीने खिडकी उघडली. दुसरी म्हणाली, केस आहेत का गं हिला? चिमटीला भरपूर केस होते. आजींना त्याचा अभिमान होता, आणि त्यांनी टोपी काढली. मग बाळ या हातातून त्या हातात गेलं. आतल्या खोलीत आई झोपली होती. दोनचं दूध बायकांच्या गप्पांत पाजलं गेलं. पावणेचारला पायऱ्यांवरून हसण्याचा आवाज खाली गेला. आजींनी दार लावलं आणि सवयीने आधी पोटाला हात लावला, मग तळपायाला.

पोट गरम होतं. पाय गार होते.

आजींनी चिमटीला टोपी घातली, खिडकी लावली आणि तक्त्यापुढे उभ्या राहिल्या. चारच्या रकान्यात काय लिहायचं हे ठरवायला त्यांच्याकडे फार वेळ नव्हता. घरात त्यांच्या शब्दाला कोणी उलटा शब्द केलेला नव्हता. त्या काही बोलल्या नसत्या, तर सूनबाईने विचारलंही नसतं.

त्यांनी आतल्या खोलीचं दार ढकललं आणि सुनेला उठवलं.

"रिपोर्ट घे," त्या म्हणाल्या. "दोनचं दूध अठ्ठावीसऐवजी अठरा. मी गप्पांत होते, नेटाने पाजलं नाही. पोट गरम. पाय गार, दोन्ही. रंग हातापायांना फिका. श्वास चोपन्न. शू एकदाच. टोपी काढली होती, अर्धा तास तरी. मी काढली, केस दाखवायला. खिडकी उघडी होती. किती जणींनी घेतलं ते मोजलं नाही. हे माझ्या ड्यूटीत झालं."

सूनबाई पलंगाच्या कडेला बसली होती, केस विस्कटलेले. सहा वर्षांचं बोलायचं राहिलेलं बरंच होतं, आणि सासूने स्वतःहून दार उघडून दिलं होतं. तिने हात पुढे केले.

"पाय कधीपासून गार?"

"पावणेचारला लक्षात आलं. आधीचं माहीत नाही."

सूनबाईने ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवलं, एकही शब्द न गाळता, टोपीसकट. तोवर तिने ब्लाउजची बटणं काढली होती आणि चिमटीला छातीवर उताणं न ठेवता पालथं, त्वचेला त्वचा लावून घेतलं होतं. आजींनी वरून शाल पांघरली आणि फोन लावला.

काचेत फोन थोरल्या सिस्टरनी घेतला. अशा फोनची त्यांना सवय होती. 'बाळ कसंतरीच करतंय' इथून सुरुवात व्हायची आणि कामाची एक गोष्ट हाती लागेपर्यंत तेरा प्रश्न विचारावे लागायचे. या वेळी त्या पेन घेऊन नुसत्या ऐकत राहिल्या. पलीकडून दूध, पाय, रंग, श्वास, शू, टोपी, खिडकी, सगळं ओळीने आलं, आणि शेवटी, "छातीशी घेऊन तीन मिनिटं झाली." विचारण्यासारखं काहीच उरलं नाही.

थोरल्या सिस्टरनी सांगितलं की उरलेले दहा मिली आत्ताच थोडे थोडे पाजा, अर्ध्या तासाने पाय बघा. तासाभरात गरम झाले नाहीत, किंवा प्यायली नाही, किंवा श्वास साठच्या वर गेला, तर फोन करू नका, सरळ निघा. आजींनी ते परत म्हणून दाखवलं.

फोन ठेवून थोरल्या सिस्टरनी चिमटीचा रिकामा झालेला, आता दुसऱ्या बाळाचा असलेला पाळणा एकदा बघितला आणि बाळ ठेवायची उबेची पेटी तापवायला सांगितली, तयारी म्हणून. इनचार्ज आली. दोघी फोनशेजारी उभ्या राहिल्या. विषय बंद होणार की नाही याचा हिशेब दोघींच्याही डोक्यात नव्हता. तळपाय होते.

"आजींनी स्वतःची चूक सांगितली," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "सुनेला. मी सव्वीस वर्षांत डॉक्टरांना कधी सांगितली नाही."

चार वाजून बावन्न मिनिटांनी फोन वाजला. आजी बोलत होत्या. दोन्ही पाय गरम. रंग गुलाबी. श्वास सेहेचाळीस. दहाच्या दहा मिली घेतले, शिवाय चारचं दूध बावीस मिली, एक मिली सांडलं ते धरलेलं नाही.

थोरल्या सिस्टर मोठ्याने हसल्या, इतक्या की दोन पाळणे पलीकडचं बाळ दचकलं. "आजी," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे जागा रिकामी आहे. कधी रुजू होता?"

आजी म्हणाल्या, पेन्शन बंद होईल.

मग दाराला कडी लागली. बाबांनी डेपोतून आणलेल्या पुठ्ठ्यावर 'बाळ झोपलंय, तुम्हीही झोपा' असं लिहून बाहेर टांगलं, आणि शेजारणी दोन दिवस रुसल्या. सातव्या दिवशी वजन एक किलो आठशे सत्तर. तिसऱ्या दिवसापासून ऐंशी ग्रॅम, तेही गार पायांचा दिवस धरून. डॉक्टरांनी आकडा लिहिला आणि पुढचा पेशंट बोलावला, पण जाता जाता चिमटीच्या गालाला बोट लावलं.

चौदाव्या दिवशी सकाळी बाह्यरुग्ण विभागात पाय ठेवायला जागा नव्हती. तरी थोरल्या सिस्टर काहीतरी निमित्त काढून वरून खाली आल्या होत्या, हातात एक फाइल, जिचा कशाशीच संबंध नव्हता. सूनबाईने चिमटीचे कपडे उतरवले, काट्यावर मऊ फडकं टाकलं, काटा शून्यावर आणला, आणि मग बाळ ठेवलं. कोणी सांगायची वाट बघितली नाही. चिमटीने दोन्ही पाय झाडले, आकडा नाचला, आणि थांबला.

"दोन किलो एकशे दहा," थोरल्या सिस्टरनी वाचलं. हळू बोलायची त्यांची इच्छा असावी, पण औषधाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या रांगेनेही वळून बघितलं. आजींनी सुनेचा दंड धरला आणि सोडला नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून रुमाल शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता.

डॉक्टरांनी घरच्या कपाटावरून काढून आणलेला तक्ता टेबलावर पसरला. चौदा दिवस, एकशे अडुसष्ट रकाने. एकही रिकामा नव्हता. तीन हस्ताक्षरं होती. बाबांचं बसच्या नंबरप्लेटसारखं ठळक, आईचं बारीक, आजींचं वळणदार. पाचव्या दिवसाच्या दुपारपाशी डॉक्टरांचं बोट थांबलं. 'टोपी काढली. सासू.' ते त्यांनी दोनदा वाचलं.

"या दिवशी आणायला हवं होतं की नाही?" त्यांनी विचारलं, इनचार्जला.

उत्तर आईने दिलं. आवाज स्वच्छ होता आणि तिने पदराला हात लावला नव्हता. "आणलं असतं, सर. अजून एक तास कोणी गप्प बसलं असतं, तर आणावंच लागलं असतं. आईंनी लगेच सांगितलं."

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. मग त्यांनी चिमटीच्या फाइलवर 'पुढची तपासणी एक महिन्याने' असं लिहिलं आणि इनचार्जला म्हणाले, "उद्यापासून सगळ्या पाळण्यांना. बाहेरच्या बाकावर जे कोणी बसतं, त्यांनाही आत घ्या. लेखी ऑर्डर दुपारी देतो."

इनचार्ज दोन-दोन पायऱ्या चढून वर आली. लिफ्टची वाट बघायला तिला जमलं नसतं. काचेचं दार उघडून ही बातमी कशी सांगायची ते तिने तिसऱ्या जिन्यावर ठरवलं होतं.

बाहेरचा बाक रिकामा होता.

आत नळापाशी रांग लागली होती. दोन वडील, एक मावशी, एक आत्या, आणि सर्वांत पुढे ऐंशीच्या घरातले एक पणजोबा, बाह्या दंडापर्यंत दुमडलेले. लिफ्टने आधी पोचलेल्या थोरल्या सिस्टर कमरेवर हात ठेवून त्यांच्यावर नजर ठेवून होत्या.

"पाणी गार आहे," पणजोबा म्हणाले.

"मग पुसून झाल्यावर हात चोळून गरम करा. गार हात बाळाला लावू देणार नाही, आणि कोपरापर्यंत साबण लागल्याशिवाय पुढे सोडणार नाही." थोरल्या सिस्टरनी दारातल्या इनचार्जकडे वळून बघितलं. "लेखी ऑर्डर दुपारी येणार ना? पाच पाळणे आहेत. दुपारपर्यंत तीन तरी उरकतील."

इनचार्जने एप्रन चढवला, हात धुतले आणि चौथ्या पाळण्याशी जाऊन उभी राहिली. तिथे एकोणीस वर्षांची एक आई बाळाच्या पोटावर हात ठेवून, ओठ हलवत, काय काय सांगायचं ते पाठ करत होती.